कुणाच्याही मदतीशिवाय

गेल्या गणेशोत्सवात माझा सत्कार झाला. सत्कार म्हटल्यावर वाचकांनी भलतेच चित्र डोळ्यांसमोर आणू नये. लालबागच्या आमच्या जुन्या चाळीतल्या मंडळाने, चाळीतून बाहेर पडून बऱ्या मार्गाला लागलेल्या पाचसहा जणांना एका संध्याकाळी बोलावले आणि शाल, श्रीफळ व भिंतीवरचे एक घड्याळ दिले, एवढेच. माझा परिचय करून देणारा तरुण मोठा उत्साही होता. माइक दोन्ही हातांनी धरून तो म्हणाला, "सर अत्यंत गरिबीतून, कुणाच्याही मदतीशिवाय, केवळ स्वतःच्या हिमतीवर प्राध्यापक झाले!"

टाळ्या पडल्या. मी मान किंचित खाली घालून, अशा वेळी हसावे तसे विनयाने हसलो. खरे सांगायचे तर ते वाक्य मला आवडले होते. माणूस चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे झुकू लागला की आपण स्वतःच स्वतःला घडवले अशी त्याची हळूहळू खात्री होऊ लागते. दुसऱ्या कुणी ती माइकवरून बोलून दाखवली, तर तो मनुष्य फार चाणाक्ष आहे असे वाटते.

आई पहिल्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघे जिना चढू लागलो. ती आता सत्तरीला टेकली आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती कठड्याला हात लावून थांबली आणि म्हणाली,

"कुणाच्या मदतीबिगर, म्हणं! मग इतकी वर्सं मी चुलीम्होरं नाटक करीत व्हते व्हय रं?"

पन्नास वर्षे लालबागेत काढूनही तिच्या बोलीतला सातारा हललेला नाही. मी म्हणालो, "अगं, बोलायची एक पद्धत असते ती. तो पोरगा बोलला, मी कुठे बोललो?"

"त्यो बोलला. पन तू हसलास."

एवढे बोलून ती पुढे चढू लागली. मी शाल, श्रीफळ आणि घड्याळ सांभाळीत मागून गेलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी मराठीचा अध्यापक. एखादी गोष्ट मनाला टोचू लागली की माझ्यासारखी माणसे आधी शब्दकोश उघडतात. 'स्वावलंबन' हा शब्द निबंधाच्या विषयात मी आजवर शेकडो विद्यार्थ्यांना घातला असेल. परंतु त्याची फोड करून पाहावी असे मला कधी सुचले नाही. 'अवलंबन'च्या मुळाशी लोंबणे आहे. फांदीला धरून लोंबणे, आधाराने राहणे. तेव्हा स्वावलंबन म्हणजे स्वतःलाच धरून लोंबणे! असा मनुष्य मी अद्याप सर्कशीतही पाहिलेला नाही. कुठेतरी फांदी हवी, आणि ती फांदी दुसऱ्या कुणाची तरी असायची.

तुम्ही म्हणाल, ही मास्तरांची शब्दांची कसरत झाली. मग शब्द बाजूला ठेवू आणि माणसांकडे पाहू. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. त्यातून पुढे 'लिज्जत'चा केवढा व्याप उभा राहिला हे आपण सारे जाणतो. बायकांच्या स्वावलंबनावर बोलायला उभा राहिलेला प्रत्येक वक्ता हा दाखला देतो, आणि तो द्यावा असाच आहे. परंतु त्या उद्योगाचे भांडवल होते उसने घेतलेले 80 रुपये. हा तपशील सांगताना वक्त्यांचा आवाज जरा खाली येतो. मला वाटते, तो तिथेच वर चढायला हवा.

आमच्या सातारा जिल्ह्यातलीच गोष्ट घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद. कष्ट करून शिकलेली हजारो मुले त्या संस्थेतून बाहेर पडली. परंतु वसतिगृहातल्या मुलांच्या पोटाची पंचाईत झाली तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. ज्यांना आपण स्वावलंबी म्हणतो ती मुले एका बाईच्या मोडलेल्या सोन्यावर उभी होती. संस्थेचे बोधचिन्ह वडाचे झाड आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. वडाची पारंबी कित्येक वर्षे नुसती लोंबत असते. मग एक दिवस ती जमिनीला टेकते, मूळ धरते, आणि म्हाताऱ्या झाडाला तीच आधार देऊ लागते. तिला आधी लोंबण्याची लाज वाटत नाही, नंतर टेकू दिल्याचा गर्व होत नाही. आपल्याला मात्र दोन्ही होते.

आता घरच्या गोष्टीकडे यावे हे बरे. तिथे मला थोडी लाज बाळगून बोलावे लागणार आहे.

माझ्या आजीची खानावळ होती. खानावळ म्हटल्यावर बाकडी, टेबले आणि दारावरची पाटी डोळ्यांपुढे आणू नका. आमची खानावळ म्हणजे दहा बाय बाराची खोली. 1854 साली कावसजी दावरांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, आणि तेव्हापासून पुढे शंभराहून अधिक वर्षे कोकणातून आणि घाटावरून माणसांची रीघ लागली. बायकामुले गावी आणि कर्ता पुरुष मुंबईला. एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहायचे. दिवसपाळीवाले उठले की त्यांच्या जागेवर रातपाळीवाले अंग टाकायचे. त्यांच्या जेवणाची सोय आजीसारख्या बायका करीत. आजीकडे बावीस गडी जेवायला होते. पहाटे चारला तिचा स्टोव्ह पेटायचा आणि रात्री अकराला विझायचा.

त्या व्यवहारातली गंमत पुढेच आहे. गडी महिनाभर जेवायचे आणि पगार झाल्यावर पैसे द्यायचे. तोवर आजी वाण्याकडून उधारीवर धान्य आणायची. वाणी अडून बसला की तिच्या पाटल्या सावकाराकडे जायच्या आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी परत यायच्या. त्या पाटल्या आजीच्या हातात कमी आणि सावकाराच्या पेटीत जास्त राहिल्या, असे आई सांगते. म्हणजे गडी आजीवर, आजी वाण्यावर, वाणी पेढीवर आणि सगळे मिळून गिरणीच्या भोंग्यावर अवलंबून. आणि तरीही आजीला कुणी परावलंबी म्हटले असते तर तिने त्याच्या अंगावर उलथने फेकले असते!

पाटल्यांचे ते येणेजाणे पुढे थांबले. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि नंतर गिरणगावात काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खानावळी चालवणाऱ्या बायकांना बँकेतून कर्ज मिळवून द्यायचे आणि सावकाराच्या व्याजातून सोडवायचे, हा त्यामागचा विचार. बँकांचे राष्ट्रीयीकरण 1969 सालीच झाले होते. परंतु बँकेचा दरवाजा आपल्यासाठी आहे, हे लालबागच्या बाईला कुणीतरी सांगावे लागते. गहाण ठेवायला या बायकांजवळ काही नव्हते. म्हणून त्यांनी एकमेकींना जामीन राहायचे. या बायका आपल्या पायांवर उभ्या राहिल्या त्या अशा, एकमेकींचे हात धरून. आमच्या आजीने त्या वेळी सही करायला शिकून घेतले. अंगठा उठवायला तिची ना नव्हती. "पन अंगठा समद्यांचा सारकाच दिसतो, सही माझी एकलीची," असे ती म्हणायची.

मग 18 जानेवारी 1982 उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, त्यामुळे संप मला ऐकून माहीत आहे. त्याच्यानंतरची वर्षे मात्र मी पाहिलेली आहेत. पहिले काही महिने खानावळवाल्यांनी गड्यांना उधारीवर जेवू घातले. संप मिटला की पैसे येतील, असा हिशेब होता. तो संप रीतसर असा कधी मिटलाच नाही. गडी एकेक करून गावी गेले. जाताना कुणी पाया पडून गेले, कुणी रात्रीचे न सांगता गेले. आजीने त्यांना कधी दोष दिला नाही. 1986 साली ती वारली, तेव्हा तिचे येणे बाकी होते, देणे कुणाचे नव्हते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, साचेखात्यात होते. संपानंतर त्यांना परत घेतले नाही. धडधाकट माणूस सकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून खोलीच्या दाराशी बसून राही. आईने खानावळीचे रूप पालटले. जेवायला येणारे गडी उरले नव्हते, तेव्हा तिने दादर-परळची दुकाने आणि कचेऱ्या यांना डबे सुरू केले. घर तिच्या कमाईवर चालू लागले. अण्णा काही बोलत नसत, पण ताटातली दुसरी भाकरी त्यांनी घेणे बंद केले.

चहातंबाखूला पैसे लागत. ज्या माणसाने इतकी वर्षे पगाराचे पाकीट बायकोच्या हातात ठेवले, त्याने तिच्यापुढे हात कसा पसरावा? आईने हे ओळखले होते. ती रोज सकाळी खिडकीच्या फळीवर दोन रुपये ठेवी. 'घ्या' म्हणत नसे, 'घेतले का' म्हणून विचारीत नसे. दुपारपर्यंत फळीवरचे पैसे नाहीसे झालेले असत. घरातल्या कुणीही त्या दोन रुपयांचा उच्चार कधी केला नाही.

एके दिवशी डबे पोचवणारा पोरगा तापाने पडला. दाराशी अठरा डबे भरून तयार होते आणि घड्याळात अकरा वाजून गेले होते. आई गॅलरीतून खाली पाही, आत येई, पुन्हा बाहेर जाई. ती अण्णांना काही म्हणाली नाही. अण्णा उठले, पायांत वहाणा सरकवल्या, दोन्ही हातांत पिशव्या घेतल्या आणि विचारले, "कुठला कुठं द्यायचा?"

त्या दिवशी ते भारतमाता टॉकीजचा नाका टाळून आडवाटेने गेले, कारण नाक्यावर गिरणीतले सोबती बसलेले असत. हे मला ठाऊक आहे, कारण एक लहान पिशवी घेऊन मी त्यांच्याबरोबर होतो. महिना संपता संपता ते सरळ नाक्यावरून जाऊ लागले. सोबत्यांना हात करू लागले. आणि पहिल्या दिवसाची आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आहे. संध्याकाळी आम्ही परत आलो, तेव्हा दोन रुपये फळीवर तसेच होते. दुसऱ्या दिवशी आईने ते तिथेच राहू दिले. तिसऱ्या दिवशी अण्णांनी त्यांतून माझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्या आणल्या.

मोकळेपणाने जगणे म्हणजे काय, असे आज मला कुणी विचारले तर मी ती खिडकीची फळी दाखवीन. मागावे न लागता मिळणे, आणि मिळालेले न उचलता ठेवता येणे. ज्या घरात या दोन्ही गोष्टी होऊ शकतात, त्या घरातली माणसे स्वतंत्र असतात, मग खोली दहा बाय बाराची का असेना.

हे शहाणपण मला तेव्हा नव्हते. दहावीनंतर, 1995 साली, मी महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज घरी आणला. सुवाच्य अक्षरात भरला. वडिलांचा व्यवसाय : गिरणी कामगार. आईचा व्यवसाय : घरकाम. सहीसाठी अर्ज अण्णांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. मग माझ्याच पेनाने 'घरकाम' खोडून तिथे 'खानावळ' असे लिहिले. वर गेले, 'गिरणी कामगार' खोडले आणि लिहिले, 'डबे पोचवितो'. आणि खाली सही केली.

मी काय केले असेल? मी महाविद्यालयात जाऊन खाडाखोड झाल्याचे सांगून दुसरा अर्ज आणला. पुन्हा पहिल्यासारखा भरला. गिरणी कामगार, घरकाम. रात्री तो अण्णांपुढे ठेवला. त्यांनी या वेळी तो वाचला नाही. सही कुठे करायची एवढे विचारले, आणि केली.

ते एक अक्षरही बोलले नाहीत. बोलले असते तर आज मला बरे वाटले असते.

पुढे मी एम.ए. झालो. त्यानंतर आठ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तास घेतला तर पैसे, सुट्टी पडली तर नाहीत, आणि मेपासून जूनपर्यंत तर देवाचे नाव! त्या काळात घर चालवले ते परळच्या एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या माझ्या पत्नीने. वर्गात मी स्त्रीस्वातंत्र्यावर मोठ्या तळमळीने बोलत असे. घरी मात्र रेल्वेचा पास संपला तर तिला सांगत नसे. दादरहून चालत जाई आणि पायांना व्यायाम होतो असे म्हणे. एकदा तिने माझ्या झिजलेल्या चपला पाहिल्या आणि म्हणाली, "तुम्ही माझ्याकडून घेत नाही, म्हणजे माझं ते तुमचं नाही असंच ना?" मला उत्तर सुचले नाही. घेणे नाकारून आपण स्वाभिमान राखतो आहोत असे मला वाटत होते. समोरच्याला त्यात आपण परके ठरल्यासारखे वाटते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. त्या रात्री मी तिला प्रवेशअर्जाची गोष्ट सांगितली. तोवर ती मी कुणालाही सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिच्या पैशांनी मी पास काढला. काही विशेष घडले नाही. गाडी नेहमीसारखीच उशिरा आली.

अण्णा 2011 साली गेले. अर्जाबद्दल त्यांच्याशी बोलायचे राहून गेले.

परवा आईला घेऊन लालबागच्या मसाला गल्लीत गेलो होतो. दिवाळीच्या आधी मिरची कांडून आणण्याचा तिचा नेम आहे. डंकासमोर ती नाकाला पदर लावून उभी राहते आणि आपली मिरची दुसऱ्याच्या मिरचीत मिसळत नाही ना, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. दादरला आमच्याकडे राहायला ये, असे मी तिला दर वर्षी म्हणतो. दर वर्षी ती म्हणते, "सनाला येते की." सणाला येते, चार दिवस राहते, सुनेच्या हातचे मागून मागून खाते, आणि पाचव्या दिवशी आपल्या खोलीवर परत जाते. पूर्वी मला याचा राग यायचा. आपण मुलगा म्हणून कमी पडतो आहोत, असे वाटायचे. आता वाटत नाही. तिला देण्याचा माझा हक्क आहे, तसाच न घेण्याचा तिचाही आहे.

मसाल्याची पिशवी घेऊन आम्ही चाळीचा जिना चढू लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, नेहमीच्या जागी, ती थांबली. तिला दम लागला होता. मी हात पुढे केला. तिने माझ्याकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले आणि ती माझ्या हातात दिली.

"धर जरा. वर गेल्यावर परत दे."

वर गेल्यावर मी परत दिली.

या लेखासोबत दोन ओळींचा परिचय पाठवावा, असे संपादकांनी कळवले होते. मी पाठवला आहे. जन्म लालबाग, 1979. आईची खानावळ होती, वडील डबे पोचवीत. जागा कमी पडली तर माझी पदवी गाळावी, या दोन ओळी तशाच ठेवाव्यात, अशी त्यांना विनंती केली आहे.